हाकेला ओ कोण देतो?

मुंबईहून आलेला लोहमार्ग कर्जत सोडून पुढे निघाला की पहिलेच स्थानक पळसदरीचे लागते; आणि येथेच त्याच्या दोन वाटा होतात. एक वाट बोरघाट चढून खंडाळ्याकडे व पुढे पुण्याकडे जाते, तर दुसरी केळवली, डोळवली आणि लौजी ही लहान स्थानके घेत खोपोलीस जाऊन थांबते. ही दुसरी वाट आज शाखा म्हणून ओळखली जात असली, तरी कालक्रमाने पाहिले असता तीच आधीची आहे. १८५६ साली खोपोलीपर्यंत गाडी आली, १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले, आणि मधला बोरघाट पोखरून १८६३ साली मार्ग अखंड होईपर्यंत पुण्यास जाणारा उतारू खोपोलीस उतरे, पालखीतून, तट्टावर बसून किंवा पायी घाट चढे, आणि वर जाऊन पुन्हा दुसऱ्या गाडीत बसे. परस्परांची नावगावे ठाऊक नसलेल्या माणसांनी काही काळ एकमेकांच्या सोबतीने अवघड वाट ओलांडावी, हा या मुलखाचा जुना शिरस्ता आहे.

आज या मुलखातील बहुतेक प्रौढ माणसांच्या हाती मोबाइल आहे, आणि त्या मोबाइलवर व्हॉट्सॲपचे अनेक गट आहेत: भावकीचा, गावकीचा, दहावीच्या वर्गाचा, क्रिकेटच्या संघाचा, पालखीच्या मंडळाचा, गाडीतील डब्याचा, नव्या इमारतीतील सदनिकाधारकांचा. या गटांत शुभेच्छा चालतात, श्रद्धांजल्या वाहिल्या जातात, भांडणे होतात, वर्गण्या गोळा होतात. या सर्व व्यवहाराला समुदाय म्हणावे काय, की माणसे एकत्र असल्याचा हा केवळ आभास आहे, असा प्रश्न पाश्चात्त्य विद्यापीठांत तीस-पस्तीस वर्षे अभ्यासिला जात आहे. परंतु तो कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत विचारून पाहण्याजोगा आहे असे मला वाटते. कारण येथे एका बाजूस मुंबईच्या नोकरदारांच्या नव्या वसाहती आणि धनिकांची शेतघरे उभी राहत आहेत, दुसऱ्या बाजूस ठाकर आणि कातकरी समाजाच्या डोंगरावरील वाड्या आहेत, आणि मधून द्रुतगती महामार्ग धावतो. जुने संबंध सैल होत असताना नवे संबंध कशाने बांधले जातील, हा प्रश्न येथे जीवनमरणाचा होऊन बसला आहे.

गाव तरी समुदाय होता काय?

या विषयावर बोलताना एक गृहीत आपण नकळत स्वीकारतो. ते असे की, जुने गाव हा निःसंशय खरा समुदाय होता, आणि मोबाइलवरील गटाला त्याच्याशी तोलून पाहायचे आहे. १८८७ साली जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड ट्योनीज याने रक्ताच्या, भूमीच्या आणि श्रद्धेच्या नात्याने बांधलेला समाज व करारमदाराने, हिशेबाने बांधलेला समाज असा भेद मांडला, तेव्हापासून ही तुलना विद्वानांच्याही मनात घर करून आहे. पुढे १९५५ साली जॉर्ज हिलरी या अमेरिकन अभ्यासकाने समुदायाच्या ९४ व्याख्या एकत्र केल्या, तेव्हा त्या सर्वांत माणसांचा उल्लेख आहे याखेरीज संपूर्ण एकवाक्यता कशावरही आढळली नाही. ज्या मापाचे स्वतःचेच माप निश्चित नाही त्याने दुसऱ्याला मोजण्यापूर्वी ते माप तपासून घेणे अवश्य आहे.

सुदैवाने मराठी मुलखात गावाचे बारकाईने निरीक्षण करण्याची परंपरा जुनी आहे. पेशवाई बुडून फार दिवस झाले नव्हते तेव्हाच टॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने पुण्याजवळच्या लोणीचा वृत्तांत लिहिला, आणि त्याच गावाचा सव्वाशे वर्षांनंतरचा अभ्यास गो. स. घुर्ये यांनी १९६० साली प्रसिद्ध केला. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ लिहून पाटील-कुलकर्ण्यांपासून महार-मांगांपर्यंत प्रत्येकाचे काम, हक्क आणि बलुते यांची जी नोंद केली, ती वाचताना एक गोष्ट स्पष्ट होते. गाव एकत्र राहत होते ते जिव्हाळ्यापेक्षा देण्याघेण्याच्या बंधनाने: सुताराने नांगर दुरुस्त करायचा, कुणब्याने खळ्यावर त्याचे माप घालायचे, आणि दोघांपैकी कोणीही कसूर केली तर गावकीने ती विचारायची.

इरावती कर्वे आणि य. भा. दामले यांनी पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांचा जो अभ्यास केला व जो १९६३ साली डेक्कन कॉलेजाने प्रसिद्ध केला, तो तर या विषयाच्या प्रत्येक जिज्ञासूने पाहावा असा आहे. त्यांनी गावाविषयी भावुक विधाने न करता साधे प्रश्न विचारले: अडचणीत उसने कोणाकडून घेतले, घरी जेवायला कोणास बोलावले, मैत्री कोणाशी आहे, घर कोणाच्या शेजारी आहे. उत्तरे बहुधा नात्याच्या आणि जातीच्या वर्तुळात फिरत राहिली. म्हणजे बाहेरून एकसंध भासणारे गाव आतून अनेक लहान वर्तुळांचे बनलेले होते, आणि त्या वर्तुळांच्या सीमा पक्क्या होत्या.

त्या सीमांचा सर्वांत कठोर पुरावा याच जिल्ह्यात आहे. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहस्रावधी अनुयायांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याला राज्यव्यवस्थेचा पाया मानण्याची सूचना पुढे आली, तेव्हा ती बाबासाहेबांनी ज्या तीव्रतेने फेटाळली तिच्यामागे हा अनुभव होता. जो समुदाय आपल्याच शिवारातील माणसाला पाणी नाकारतो त्याचा ओलावा खरा असेल, पण तो मोजक्यांपुरता असतो. यास्तव मोबाइलवरील गटाला आपण जे प्रश्न विचारू तेच गावालाही विचारले पाहिजेत. आणि केवळ जुनेपणाच्या बळावर गावाला उत्तीर्ण करता येणार नाही.

संगणकावरील सहवासाचा शोध

संगणकावरून जमलेल्या माणसांना समुदाय हे नाव आग्रहाने दिले ते हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड या अमेरिकन लेखकाने, १९९३ साली. सॅन फ्रान्सिस्कोजवळ १९८५ साली सुरू झालेल्या ‘वेल’ नावाच्या संगणकीय मंडळात तो रमला होता, आणि तेथील माणसांनी परस्परांच्या आजारपणात, अपत्यांच्या संगोपनात आणि मृत्यूतही दिलेली साथ पाहून तो त्या निष्कर्षास आला होता. १९९८ साली रॉबर्ट क्राउट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधील कुटुंबांचा अभ्यास करून याच्या उलट सांगितले: इंटरनेटचा वापर वाढेल तसा घरातील संवाद काहीसा घटतो व एकटेपणा वाढतो. पण त्याच संशोधकांनी त्याच माणसांकडे पुन्हा जाऊन २००२ साली प्रसिद्ध केले की, पहिले दुष्परिणाम बहुतांशी ओसरले आहेत, आणि ज्यांच्याजवळ आधीच आप्तमित्र व मोकळा स्वभाव आहे त्यांना या साधनाचा अधिक लाभ होतो. अभ्यासकाने एकदा घेतलेली जबानी अखेरची मानू नये, हा धडा त्यांनी आपल्या उदाहरणाने घालून दिला.

आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे तो टोरांटोच्या एका उपनगराचा अभ्यास. बॅरी वेलमन आणि कीथ हॅम्प्टन यांनी ‘नेटव्हिल’ हे टोपणनाव दिलेल्या त्या नव्या वसाहतीत काही घरांना वेगवान इंटरनेट व शेजाऱ्यांची सामायिक टपालयादी मिळाली होती, काहींना नव्हती. हॅम्प्टन तेथे स्वतः राहिला. त्याला आढळले की, जोडलेल्या घरांतील माणसे न जोडलेल्यांपेक्षा सुमारे तिप्पट शेजाऱ्यांना नावाने ओळखतात, आणि बांधकाम करणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार मांडायची वेळ आली तेव्हा त्याच यादीवरून ती एकत्र आली. कर्जत, नेरळ, भिवपुरी या पट्ट्यात नव्या इमारती उठत आहेत तेथे असेच घडते. घराचा ताबा मिळण्याच्या कितीतरी आधी खरेदीदारांचा गट बनतो, करारनाम्यातील कलमांची चर्चा त्यावर होते, महारेराकडे तक्रार कशी करावी हे कोणी समजावून सांगतो. आणि गृहप्रवेशाच्या दिवशी समोरच्या दारातील मनुष्य अगदीच परका राहिलेला नसतो. प्रत्यक्ष जागेला पारखे होण्याऐवजी येथे साधन जागेकडेच घेऊन येते.

मराठी माणसाच्या अनुभवातही याला आधार आहे. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावर देशोदेशीचे मराठी लोक टोपणनावांनी लिहू लागले. पण लिहिण्यावर त्यांचे समाधान झाले नाही, आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याकडच्या सभासदांनी सहकुटुंब एकत्र येण्याची ‘वर्षाविहार’ नावाची प्रथा त्यांनी पाडली. ज्यांची भेट अक्षरांतून झाली त्यांना एकमेकांचे चेहरे पाहावेसे वाटले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९८६ साली डेव्हिड मॅकमिलन व डेव्हिड चेव्हिस यांनी समुदायभावनेचे चार घटक सांगितले: आपण सभासद आहोत ही जाणीव, आपल्या शब्दाला व समूहाच्या शब्दाला परस्परांवर असलेले वजन, गरजांची पूर्ती, आणि एकत्र भोगलेल्या सुखदुःखाचा बंध. ही चौकट उपयुक्त आहे. पण ती भावनेचे मोजमाप करते. आपल्या मुलखातील दोन उदाहरणे पाहिली तर भावनेच्या पलीकडचे काही मोजावे लागेल असे दिसते.

डब्यातील मंडळी

पहिले उदाहरण गाडीचे. खोपोली-कर्जतहून मुंबईस रोज नोकरीला जाणारा मनुष्य एका दिशेला दोन-अडीच तास गाडीत काढतो. कर्जतपासून मुंबईचे टोक शंभर किलोमीटर आहे. वर्षानुवर्षे तीच गाडी, तोच डबा, तीच बाकडी; आणि म्हणून या मार्गावर डब्याडब्यांतून मंडळ्या तयार झाल्या. टाळ-मृदंगाच्या साथीने भजने होतात, दसऱ्याला डबा सजवून पूजा होते, स्त्रियांच्या डब्यात हळदीकुंकू होते, भाजी निवडली जाते, निवृत्त होणाऱ्याला निरोप दिला जातो. यात आता मोबाइलवरील गटाची भर पडली आहे. गाडी कोठवर आली, कोणत्या फलाटावर लागेल, पावसाने कोठे पाणी भरले, हे निरोप सर्वप्रथम गटावर येतात. पळसदरी, केळवली यांसारख्या स्थानकांवर गाड्या विरळ असतात. तेथील माणसाला कर्जतला चुकलेली गाडी तास-दीड तासाने मागे टाकते, आणि म्हणून ‘गाडी सुटली’ या दोन शब्दांची किंमत त्याला शहरातील माणसापेक्षा अधिक कळते.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल गाड्या बंद पडल्या. जून महिन्यात अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना त्या खुल्या झाल्या. सर्वसाधारण प्रवाशाला फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांपुरता प्रवेश मिळाला, तो दुसऱ्या लाटेत पुन्हा गेला, आणि अखेर १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना गाडीत बसता आले. समाजशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत जो प्रयोग करता आला नसता तो येथे आपोआप झाला होता: गाडी नाही, डबा नाही, बाकडे नाही, केवळ मोबाइलवरचा गट आहे. त्या काळात कित्येक गट मूक झाले आणि कित्येक गट खाट, प्राणवायू, रक्तद्रव आणि औषधे यांच्या शोधात रात्रंदिवस जागे राहिले. या दोहोंतील भेद कशाने पडला, हा प्रश्न अभ्यासाच्या केंद्रस्थानी असावयास हवा. माझा अदमास असा की, ज्या मंडळीत गाडी चालू असतानाच एकमेकांच्या घरच्या कार्यांना जाणे-येणे होते, वर्गणीचा हिशेब चोख होता, चार दिवस न दिसलेल्या माणसाची चौकशी करण्याची रीत होती, ती मंडळी गाडीवाचूनही टिकली. गटाला बळ मिळाले ते त्याच्या बाहेर आधीच जमलेल्या व्यवहारातून.

याच मंडळ्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या माणसांसाठी जागा अडवून ठेवणे, नवख्याला दारातून आत येऊ न देणे, विरोध करणाऱ्यावर सर्वांनी मिळून तुटून पडणे, या तक्रारी या मार्गावर जुन्या आहेत. आतल्यांसाठी जो जिव्हाळा आहे तोच बाहेरच्यासाठी दरारा होतो. गावाच्या बाबतीत जे कर्वे-दामले यांना दिसले आणि महाडला ज्याचे भीषण रूप प्रकट झाले, त्याची लहान आवृत्ती डब्यातही आढळते.

घाटातील हाक

दुसरे उदाहरण या दोषातून बाहेर पडण्याची वाट दाखविते, आणि त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. सुमारे ९४ किलोमीटरच्या या रस्त्याचा सर्वांत अवघड भाग खालापूर-खोपोलीपासून घाटमाथ्यापर्यंतचा आहे. जुना महामार्गही याच घाटातून चढतो. उतारावर ब्रेक निकामी झालेला ट्रक, धुक्यात उभे राहिलेले वाहन, झोपेने डोळा लागलेला चालक, यांतून येथे जे अपघात होत आले त्यांत सापडणारी माणसे बहुधा या मुलखाची नसतात. ती कोठून तरी येत असतात आणि कोठे तरी जात असतात. त्यांच्यासाठी हाक मारणारे भावकीतील कोणी नसते.

खोपोलीत ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या नावाने जो समूह उभा राहिला तो व्हॉट्सॲपच्या गटाच्या रूपाने. अपघाताची खबर कोणाला तरी प्रथम कळते. ती गटावर पडते. आणि जो जवळ असेल तो निघतो. रुग्णवाहिकेचा चालक, क्रेनचा मालक, दोर बांधण्यात वाकबगार असलेला गिर्यारोहक, डॉक्टर, दुकानदार, पोलीस आणि महामार्गावरील यंत्रणा यांना एका सूत्रात आणणे हे या गटाचे काम आहे. खोपोलीचीच ‘यशवंती हायकर्स’ ही गिर्यारोहकांची जुनी संस्था दरीत उतरण्याच्या कामी वेळोवेळी धावून आली आहे. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या महामार्गावर शिंग्रोबाच्या देवळाजवळ गोरेगावच्या ढोलताशा पथकाची बस दरीत कोसळून १३ जण दगावले, त्या दिवशी दोर लावून खाली उतरणाऱ्यांत आणि जखमींना वर आणणाऱ्यांत हे स्थानिक लोक होते. घाटाची वाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखविली अशी लोककथा आहे त्याचेच हे देऊळ. घाट उतरणारा वाहनचालक आजही तेथे हात जोडतो.

अशा कामाला पूर्वी एक मोठी धास्ती आडवी येई. जखमीला उचलले तर पंचनाम्यात नाव येईल, जबानीसाठी कचेरीत खेटे घालावे लागतील, इस्पितळ पैशांची हमी मागेल, या भयाने सज्जन मनुष्यही गाडी पुढे नेई. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक नियमांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तशी स्वतंत्र तरतूद आली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागली. राज्यसंस्थेने वाट मोकळी केली. पण मध्यरात्री पावसात घराबाहेर कोण पडेल, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही.

समुदायाच्या अभ्यासकाने या गटापुढे थांबून विचार करावा. जुन्या गावगाड्यातले देणेघेणे परतफेडीवर उभे होते: आज मी तुझा नांगर दुरुस्त करीन, सुगीला तू मला माप घालशील. येथे ज्याला दरीतून वर काढले तो मनुष्य गटाचा सभासद नाही, पुन्हा कधी भेटणार नाही, त्याची जात, भाषा, पक्ष यांची चौकशी करण्यास कोणाला सवड नसते. तरीही गटातील माणसांचे परस्परांशी असलेले बंधन याच कामातून दृढ होत जाते. मोबाइलवर आलेल्या एका ओळीने आपल्या रात्रीवर हक्क सांगावा आणि तो हक्क आपण मान्य करावा, हा व्यवहार समुदायाचा नसेल तर समुदाय म्हणून दुसरे काय दाखविता येईल?

इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही वस्ती चौक गावाच्या वर डोंगरात होती. तिथवर गाडीचा रस्ता नव्हता, चढून जावे लागे. त्या रात्री शाळेच्या इमारतीत असलेल्या काही तरुणांनी आवाज ऐकला, ते वाचले, आणि त्यांनीच खाली खबर पोचविली. मुसळधार पाऊस, काळोख आणि निसरडा चढ यांतून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके, पोलीस, महसुलाचे कर्मचारी आणि त्यांच्या जोडीने खोपोली, खालापूर, कर्जत येथील स्वयंसेवक वर गेले. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने प्राण गमावले. अवजड यंत्रे वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. चार दिवसांनी, २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

त्या रात्री कोणी कोणत्या वाटेने चढावे, दोर, विजेऱ्या आणि कुदळी कोठून आणाव्यात, हे ज्यांना सांगता आले त्यांची शक्ती एका रात्रीत उत्पन्न झालेली नव्हती; घाटातील प्रत्येक अपघाताने ती थोडी थोडी साठत आली होती. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की, दाट नात्यांपेक्षा विरळ ओळखीच माणसाला आपल्या वर्तुळाबाहेरच्या बातमीपर्यंत आणि साहाय्यापर्यंत पोचवितात. मोबाइलवरील गट अशा विरळ ओळखी टिकवून धरतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

पण इर्शाळवाडी त्याच गुणाची मर्यादाही दाखविते. ज्या वाडीला रस्ता नव्हता ती वाडी दरड कोसळण्यापूर्वी किती गटांत होती? तिच्या डोंगराला पडलेली भेग, तिच्या ओढ्याचे गढुळलेले पाणी, याची वार्ता कोणत्या पडद्यावर पोचली असती? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांजवळ होता, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया तिघींमागे एक एवढ्याच होत्या. म्हणजे गट हाच समुदाय मानला तर या मुलखातील अनेक स्त्रिया, वृद्ध आणि वाड्यांतील गरीब माणसे समुदायाबाहेर राहतात. आणि पुष्कळदा संकट प्रथम कोसळते ते त्यांच्यावरच.

तोच निरोप, दुसरे फळ

आणखी एक घटना सांगितल्यावाचून हा विषय प्रामाणिकपणे पुरा होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली असताना, मंगळवेढ्याकडून पोटासाठी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. त्या जमावातही सभासदत्वाची जाणीव होती, आपल्या लेकरांविषयीची समान भीती होती, निरोप वाचून घराबाहेर पडण्याची तत्परताही होती. मॅकमिलन-चेव्हिस यांच्या चारही कसोट्यांना तो जमाव कदाचित उतरला असता.

येथे मला घाटातील गट आणि राईनपाड्याचा जमाव यांच्यातील निर्णायक भेद दिसतो. दोन्हीकडे वार्ता मोबाइलवरून येते, दोन्हीकडे समोर अनोळखी मनुष्य असतो. एका ठिकाणी वार्ता आणणारा नावाने ओळखला जातो, ती खोटी ठरली तर त्याला जाब विचारता येतो, आणि अनोळखी माणसाचा जीव हाच त्या एकत्र येण्याचा हेतू असतो. दुसऱ्या ठिकाणी वार्तेला धनी नसतो, कृत्याला धनी नसतो, आणि अनोळखी असणे हाच अपराध ठरतो. उत्तरदायित्व आणि परक्याला दिलेली वागणूक, या दोन गोष्टी सोडून समुदायाच्या खरेपणाची चर्चा करणे धोक्याचे आहे.

अभ्यास कसा व्हावा

या सर्वांवरून अभ्यासाची दिशा सुचते. गटावर रोज किती निरोप पडतात, किती जण बोलतात, हे मोजणे सोपे आहे, कारण यंत्र ते आपोआप नोंदविते. पण जो सभासद वर्षभर एक अक्षर लिहीत नाही आणि हाक येताच रक्त द्यायला जातो, तो त्या मोजणीत निष्क्रिय ठरतो. म्हणून कर्वे-दामले यांनी गावाला जसे प्रश्न विचारले तसे गटाला विचारावेत. गेल्या वर्षी गटावर साहाय्याची मागणी कोणी केली व प्रत्यक्ष कोण गेले? वर्गणीचा हिशेब कोणी, कधी मांडला? चूक करणाऱ्याला कोणी आणि कोणत्या शब्दांत विचारले? गप्प झालेल्या सभासदाच्या घरी कोणी जाऊन आले काय? एखादा सभासद वारल्यानंतर त्याच्या कुटुंबाशी संबंध किती काळ राहिला? स्त्रिया बोलतात काय, आणि त्यांच्या बोलण्याने निर्णय बदलतो काय? जवळच्या वाडीतील ज्या माणसाजवळ मोबाइल नाही, त्याच्यापर्यंत गटातील वार्ता कोण पोचविते? आणि जो सभासद नाही, कधी होणारही नाही, त्याच्यासाठी या गटाने काय केले?

हे प्रश्न विचारण्यास परदेशी विद्यापीठाची आवश्यकता नाही. कर्जत आणि खोपोलीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी, सभासदांची संमती घेऊन आणि कोणाचे खासगी संभाषण उघड न करता, दोन वर्षे जरी हे काम केले, तरी महाराष्ट्रातील ग्रामजीवनाच्या अभ्यासात तो मोलाचा दस्तऐवज होईल. गावगाड्याची नोंद आत्रे यांनी ज्या काळजीने केली त्याच काळजीने या नव्या गाड्याची नोंद होणे आवश्यक आहे. कारण गटावरील निरोप लवकर पुसले जातात, आणि त्यांच्याबरोबर कोणी काय केले याची स्मृतीही पुसली जाते.

माझा स्वतःचा निष्कर्ष मी स्पष्ट मांडतो. पडद्यावर जमलेली माणसे खरा समुदाय होऊ शकतात, आणि खालापूर-कर्जतच्या मुलखात ती झालेली आहेत. पण ते पद सर्व गटांना सारखे मिळत नाही, आणि एकदा मिळाले म्हणून कायमचे वहिवाटीने चालत नाही. प्रत्येक हाकेला ते पुन्हा कमवावे लागते. ज्यांनी ते कमावले आहे त्यांच्याविषयी समाजाचे आणि शासनाचे काही कर्तव्य आहे. तालुक्याच्या आपत्ती-व्यवस्थापनाच्या दप्तरात अशा गटांची नोंद असावी, त्यांतील स्वयंसेवकांना प्रथमोपचाराचे व दोरकामाचे रीतसर शिक्षण आणि विम्याचे संरक्षण मिळावे. डोंगरावरील प्रत्येक वाडीतून निदान दोन माणसे, त्यांत एक स्त्री, या साखळीत जोडलेली असावीत. आणि जेथे मोबाइलचा संदेश पोचत नाही तेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत माणूस पाठविण्याची तजवीज असावी. पुढच्या पावसाळ्यापूर्वी होण्यासारखे हे काम आहे, आणि ते करण्यास लागणारी माणसे या दोन तालुक्यांत आधीच एकमेकांना ओळखतात.